आणि आजी?

सांगलीच्या मार्केट यार्डात या कुटुंबाची हळदीची आडत तीन पिढ्यांची. तिसऱ्या पिढीत दुकान एक आणि वाटेकरी भाऊ तीन झाले, तेव्हा मधल्या भावाने लेस्टरला जाण्याचा विचार मनावर घेतला. इंग्लंडमधील त्या शहरात त्याच्या पत्नीचा मामेभाऊ मसाल्यांचा घाऊक व्यापार करतो आणि त्याला माल पारखणारा विश्वासाचा माणूस हवा होता. गादीवर बसणाऱ्याने पगारावर जायचे, हे पचवायलाच त्याला तीन महिने लागले. तोवर मुलांपाशी विषय काढायचा नाही, असे पतिपत्नींनी ठरवले. सौदा पुरा होईपर्यंत भाव तोंडाबाहेर पडू द्यायचा नाही, ही यार्डातली सवय घरातही चालते.

मुलांना अर्थात कळलेच होते. नव्या पासपोर्टसाठी काढलेले फोटो, रात्री गच्चीवर चाललेले फोन आणि नववीतल्या मुलीच्या दहावीच्या क्लासचा विषय निघाला की आईचे भलत्याच गोष्टीकडे वळणे. मुलांना याहून जास्त पुरावा लागत नाही.

अखेर एका रविवारी, मंदिरातून अभिषेक करून आल्यावर, वडिलांनी दोघांना समोर बसवले. तयारीही त्यांनी व्यापाऱ्यासारखीच केली होती: मालाचे गुण आधी. लेस्टरमध्ये जैन मंदिर आहे. एका जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ साली त्याची प्रतिष्ठा झाली आणि एकाच छताखाली श्वेतांबर व दिगंबर दोन्ही परंपरांच्या मूर्ती आहेत. गुजराती शेजार आहे, भाजीपाला मिळतो, शाळा जवळ आहे.

मुलीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही आम्हाला विचारताय की सांगताय?"

वडिलांना उत्तर सुचले नाही. मामेभावाच्या सासऱ्यांची हकीकत त्यांनी अनेकदा ऐकली होती. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवस दिले, तेव्हा ते लहानपणी कंपालाहून लेस्टरला आले. त्या घरात मुलांना कोणी विचारले नव्हते, कारण विचारण्याजोगे काही उरलेच नव्हते. इथे तसे काही नव्हते. इथे वेळ होता आणि तरीही तीन महिने कोणी विचारले नव्हते.

तेवढ्यात पाचवीतला धाकटा म्हणाला, "आणि आजी?"

"आजी नंतर येईल," वडील घाईने म्हणाले.

"खरं सांगा त्यांना," आई हळूच म्हणाली.

खरे असे होते की, कामाच्या काही व्हिसांवर जाणाऱ्याला पत्नीला आणि अठरा वर्षांखालील मुलांना सोबत नेता येते, आईला नाही. आजी येऊ शकेल ती पाहुणी म्हणून, एका वेळी फार तर सहा महिने. हे वडिलांना पहिल्या आठवड्यातच कळले होते. लेस्टरविषयी त्यांनी मुलांना जे जे सांगितले, ते सारे या एका गोष्टीला वळसा घालून.

तांदूळ निवडत बसलेली आजी आतूनच म्हणाली, "मला ठाऊक आहे रे. गच्चीवरचं बोलणं खाली ऐकू येतं." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "तिकडं दिवस कधी मावळतो?"

लग्न झाल्यापासून आजीचे रात्रिभोजन बंद आहे. नातवाने फोनवर शोधले: डिसेंबरात दुपारी चारच्या आधी, जूनमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास. "शाळेतून घरी येईपर्यंत मावळलेला!" तो ओरडला आणि त्या दिवशी प्रथमच घरात हसू फुटले.

पुढचे बोलणे सुरू झाले ते तिथून. डबा कोणत्या वेळी खायचा, वर्गातल्या कोणी वाढदिवसाची जिलेटिन घातलेली गोळी पुढे केली तर काय म्हणायचे. मुलगी म्हणाली, दहावीच्या मधोमध शाळा बदलणार नाही. परीक्षेनंतर विचारा, तेव्हा कदाचित हो म्हणेन. वडील म्हणाले, आपल्यालाही भीती वाटते, पन्नाशी जवळ आल्यावर दुसऱ्याच्या हाताखाली काम जमेल की नाही याची. मुलांनी वडिलांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. आजी गेली तर इथल्या पूजेची पाळी कोण सांभाळणार, यावरही अर्धा तास गेला. त्याचा निकाल लागला नाही.

जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. मामेभाऊ पुढच्या जूनपर्यंत थांबेल का, ते विचारायचे आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सांगलीच्या सूर्यास्ताच्या वेळेशेजारी धाकटा रोज पेन्सिलीने लेस्टरची वेळ लिहितो. संध्याकाळी ताट वाढून घेताना आजी विचारते, "आज तिकडं किती?"