दिवाळीनंतरही गावातच!

चिखलदऱ्याला तुम्ही नक्कीच गेला असाल. अमरावतीहून पहाटे निघायचं, परतवाड्याला चहा-पोहे, मग घाट, धुकं आणि शंभरेक फोटो. या वेळी मात्र परतवाड्याला जरा जास्त थांबा. जवळच, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं कोरकूंचं गाव आहे. रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही. बघायचंय ते एकच, गावाने मिळून जगवलेलं जंगल.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या आधारे 2012 मध्ये पायविहीरला सुमारे 193 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क म्हणजे कुणाच्या नावचा सातबारा नव्हे बरं का! जंगल राखायचं, वाढवायचं आणि त्यातला तेंदूपत्ता, फळं ग्रामसभेने विकायची. पण हाती आली ती बरीचशी उजाड टेकडी. मग मेळघाटातल्या ‘खोज’ संस्थेची साथ आणि रोजगार हमीची मजुरी, यांच्या जोरावर गावाने चर खणले, झाडं लावली आणि राखणही स्वतःच केली.

इथलं वर्ष आपल्यासारखं क्वार्टरमध्ये मोजत नाहीत. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, बाहेर कामाला गेलेले तेव्हा हमखास घरी परततात. त्याच सुमारास मोहफुलं. मे महिन्यात, वऱ्हाडी उन्हाचा कहर सुरू असताना तेंदूपत्ता. पावसाळ्यात लागवड. आणि दसरा-दिवाळीला सीताफळ.

सीताफळाचं एक बरं असतं. पाणी कमी लागतं, पाला गुरं खात नाहीत. गोची एवढीच, की डोळे उघडलेलं फळ तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं. एकट्याने टोपली घेऊन बाजारात बसलं, तर संध्याकाळी मिळेल त्या भावात द्यावं लागतं. पायविहीरने एकत्र येऊन फळं गोळा केली, पॅक केली आणि ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट मुंबईला पाठवली. 2014 मध्ये गावाला यूएनडीपीचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

पण खरी कमाई वेगळीच आहे. दिवाळी झाली की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं पोरंबाळं घेऊन कामाच्या शोधात बाहेर पडतात, मुलांची शाळा मध्येच सुटते. गावातच काम मिळू लागलं, तसं पायविहीरमधलं हे जाणं कमी झालं. अकोला-अमरावतीचे आपणही फराळाचे डबे बॅगेत कोंबून पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतोच की! फरक इतकाच, आपल्याला तिकडे पॅकेज बोलावतं आणि त्यांना इकडे रिकामी चूल हाकलते.

तेव्हा जायचं तर सीताफळाच्या दिवसांत जा. जंगलात शिरण्याआधी गावात विचारा, ते त्यांचं राखलेलं रान आहे. आणि फळं घेताना प्लीज घासाघीस करू नका. त्या चार पैशांवर कुणाची तरी शाळा चालू राहते.