८७ हप्ते

एडिसन, न्यू जर्सी
नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा पार चुरा झालाय, पण चहात टाकायला चुराच बरा, असं इथे एकमताने ठरलं.

तू फोनवर विचारलंस, "तिकडे म्हणे पगार बघून शिक्षणाचं कर्ज फेडून घेतात आणि वीसेक वर्षांनी उरलेलं सोडून देतात. मग तिथली पोरं रडतात कशाला?" तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. आज सवडीने लिहितो.

वर एक मराठी कुटुंब आहे, मूळचं कराडकडचं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या खोलीत बुटाचा एक खोका आहे. त्यात बूट नाहीत, कर्जाची पत्रं आहेत. वसुली करणारी कंपनी तीनदा बदलली, तेव्हा दरवेळी आलेलं "आपलं खातं आता दुसरीकडे गेलं आहे" हे पत्र, दरवर्षी पाठवलेल्या पगाराच्या दाखल्याची प्रत, आणि सगळ्यात वर एका वहीच्या पानावर पेन्सिलीने मारलेल्या पाच-पाचच्या रेघोट्या. अशा ८७ आहेत. १२० झाल्या की कर्ज संपणार होतं.

ही मुलगी २०१० साली कॉलेजात गेली. इथे शिक्षणासाठी सरकारी मदत हवी असेल तर फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. आईबापांची कमाई, शिल्लक, घरात माणसं किती, असं सगळं त्यात लिहायचं. त्यावरून सरकार ठरवतं की हे घर पोरीच्या शिक्षणाला किती पैसे काढू शकेल. गरीब घरातल्या मुलांना पेल ग्रँट मिळते. ती परत करायची नसते. सध्या वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. बाकीच्यांना कर्ज. त्या वर्षी तिच्या वडिलांची नोकरी वसंतात गेली, पण अर्ज बघत होता आदल्या वर्षीचा पगार. कागदावर नोकरी होती, घरात नव्हती. अशा वेळी कॉलेजला पत्र लिहून फेरविचार मागता येतो, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं.

कॉलेजची फी हाही इथला एक चमत्कारच. छापील भाव एक आणि प्रत्यक्षात मोजायचा भाव दुसरा; अगदी साडीच्या दुकानासारखं. काही नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ९०,००० डॉलरच्या पुढे गेलाय. पण त्यांच्याकडे देणग्यांचे डोंगर असल्यामुळे गरिबाला तिथेच सगळ्यात स्वस्त पडतं. हार्वर्डने तर यंदापासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणीची फीच माफ केलीय. अडकतो तो मधला, ज्याचं पोर साध्या सरकारी विद्यापीठात जातं. वरच्या मुलीने चार वर्षांत सरकारकडून तिच्या नावावर मिळू शकणारं सगळं कर्ज उचललं, २७,००० डॉलर. मग समाजकार्यात मास्टर्स केलं, त्याचे ४१,०००. एकूण ६८,०००.

दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सातशे डॉलरच्या वर. तिचा पहिला पगार वर्षाला ४८,०००. म्हणून तिने पगारावर बेतलेला हप्ता घेतला. त्याचं गणित सोपं आहे. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम पोटापाण्यासाठी सोडायची आणि वरच्या पगारावर दहा टक्के घ्यायचे. तिला हप्ता बसला अडीचशेच्या आसपास.

इथपर्यंत तुझं बरोबर आहे, योजना मायेची आहे. पण ६८,००० वर महिन्याचं व्याजच तीनशेच्या वर चढत होतं. हप्ता एकदाही चुकला नाही, तरी कर्ज थोडं थोडं फुगतच गेलं. वर्षानुवर्षं फेडून आकडा पहिल्यापेक्षा मोठा दिसला की माणसाला कसं वाटत असेल? तिची आई म्हणते, "आमच्याकडे सावकाराला शिव्या तरी देता यायच्या."

ही कल्पना तशी जुनी. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने १९५५ च्या एका निबंधात मांडली होती, की विद्यार्थ्याला पैसे द्यावेत आणि पुढे त्याच्या कमाईतला हिस्सा घ्यावा. येल विद्यापीठाने १९७१ मध्ये ती करून पाहिली, आणि तो किस्सा तुला नक्की आवडेल, कारण तो आपल्या बचत गटासारखा आहे. दर हजार डॉलर कर्जामागे कमाईच्या ०.४ टक्के दरवर्षी द्यायचे. किती वर्षं? तर त्या सालच्या अख्ख्या तुकडीचं कर्ज फिटेपर्यंत, नाहीतर ३५ वर्षं. म्हणजे एकाने बुडवलं की भुर्दंड बाकीच्यांना. ज्यांनी गडगंज कमावलं ते ठरलेली जादा रक्कम एकदम भरून मोकळे झाले. काहींनी सरळ बुडवलं. मधले मास्तर, कारकून, पाद्री मात्र वर्षानुवर्षं भरत राहिले. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस जसा मागे उरतो, अगदी तसं. १९७८ मध्ये येलने योजना गुंडाळली, आणि पुढे उरलेली वसुलीही सोडून दिली.

सरकारने यातली सामूहिक जामिनाची भानगड काढून टाकली. २००७ च्या कायद्याने पगारावर बेतलेल्या हप्त्याची नवी योजना आणली. त्याच कायद्यात आणखी एक सवलत होती: सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत नोकरी करत १२० हप्ते भरले, म्हणजे दहा वर्षं, तर उरलेलं माफ. वरची मुलगी सरकारी बालकल्याण खात्यात आहे. तिने ही नोकरी धरली ती याच हिशेबाने. खासगीत पगार जास्त होता.

दहा वर्षांची सेवा म्हटल्यावर मला बाबासाहेबांचा करार आठवला. १९१३ मध्ये सयाजीरावांनी महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना इथे कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करीन, असं लिहून घेतलं होतं. १९१७ मध्ये ते खरंच बडोद्याला हजर झाले. पण शहरात राहायला जागा कोणी देईना, कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. त्यांना बडोदा सोडावं लागलं. करार करणाऱ्याने शब्द पाळला, पण तो पाळू देणारं गाव नव्हतं. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, हे कळतं मला. पण कोलंबियावरून जाताना हटकून आठवतं.

तर माफी. २०१७ मध्ये दाजी शेतकरी कर्जमाफीचा ऑनलाइन अर्ज भरायला सेवा केंद्रावर तीन दिवस रांगेत उभे होते, आठवतं? सरसकट, तत्त्वतः, निकषांसह हे शब्द तेव्हा पोरासोरांच्या तोंडी झाले होते. नेमक्या त्याच वर्षी, ऑक्टोबरात, इथल्या पहिल्या तुकडीची दहा वर्षं भरली. जून २०१८ अखेर सुमारे २८,००० अर्ज आले होते. मंजूर किती व्हावेत? ९६. कोणाचं कर्ज चुकीच्या प्रकारचं निघालं, कोणाची हप्त्याची योजना चुकीची, कोणाचा फॉर्म अर्धवट. मास्तर आणि परिचारिका वर्षानुवर्षं भरत होते आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर नियम सैल झाले आणि लाखोंना माफी मिळाली, हेही सांगायला हवं.

वरच्या मुलीचे कागद चोख होते. एप्रिल २०१७ पासून तिच्या रेघोट्या सुरू झाल्या. करोनात हप्ते थांबले, तरी ते महिने मोजले गेले. २०२३ मध्ये सरकारने तिची योजना बदलून सेव्ह नावाची नवी आणली. हप्ता आणखी कमी, आणि न फिटलेलं व्याज साठणारच नाही. त्या महिन्यात वरून आमच्याकडे पेढे आले होते. मग काही राज्यं कोर्टात गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात कोर्टाने योजना रोखली आणि त्यातल्या सगळ्या कर्जदारांचे हप्ते गोठले. हप्ता नको म्हणजे बरंच झालं, असं वाटेल. पण यावेळचे महिने मोजणीत नाहीत. ती ८७ वर अडकली, ती अजून तिथेच. यंदा ऑगस्टपासून व्याज मात्र पुन्हा चढायला लागलंय. दुसऱ्या योजनेत जायचा अर्ज तिने एप्रिलमध्ये केला. तेव्हा असे जवळपास २० लाख अर्ज तुंबले होते. परवा जिन्यात भेटली तर म्हणाली, "काका, अजून 'प्रक्रियेत'."

आता जुलैत झालेल्या नव्या कायद्याने पुन्हा सगळं हललंय. पुढच्या १ जुलैपासून नवीन योजना येतेय. कमाईच्या १ ते १० टक्के हप्ता, प्रत्येक मुलामागे महिन्याला ५० डॉलर सूट, कमीत कमी हप्ता १० डॉलर. न फिटलेलं व्याज सोडून देणार, ही गोष्ट खरंच चांगली आहे. पण माफी वीस-पंचवीस नाही, ३० वर्षांनी. तेविसाव्या वर्षी सुरुवात केलेला माणूस त्रेपन्नाचा होईल. शिवाय पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी कर्जाला मर्यादा आली: साध्या मास्टर्सला एकूण १ लाख डॉलर, डॉक्टर-वकिलांना २ लाख. वरचे पैसे खासगी बँकेकडून, आणि तिथे पगार बघून हप्ता वगैरे काही नसतं.

म्हणून इकडे शिकायला येणाऱ्या तुझ्या लेकीचं सांगतो. यातलं काहीच तिला लागू नाही. फाफ्सासाठी इथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना सरकार एक डॉलर देत नाही. तिचं कर्ज तुमच्या विश्रामबागच्या बँकेतलंच. शिक्षण संपल्यावर एक वर्ष सूट, मग पंधरा वर्षांपर्यंत फेड, आणि तिला इथे नोकरी लागो न लागो, हप्ता ठरलेला. सूट म्हणजे हप्त्याला. व्याज पहिल्या दिवसापासून चालू. दाजी सहकर्जदार, म्हणजे ती अडली तर फोन दाजींना येणार. उसाचं बिल आणि हा हप्ता एकाच खात्यातून नको.

मंजुरीपत्राची सगळी पानं स्कॅन करून पाठव. मागची बारीक अक्षरातली पण पाठव, तिथेच व्याजदर बदलण्याचं कलम असतं. मी रविवारी निवांत वाचतो. आणि पुढच्या वर्षी चकल्यांऐवजी कडबोळी पाठव, ती इतकी मोडत नाहीत.

तुझा,
धाकटा