ढगातला माळा

सावित्री नदीचं पाणी आधी आभाळातून उलट्या दिशेनं चढतं. समुद्रावरून निघालेला ढग बाणकोटच्या खाडीवरून महाड, पोलादपूर ओलांडत येतो आणि महाबळेश्वरच्या कड्याला अडला की त्याला वर चढावंच लागतं. चढला की गार होतो, गार झाला की कोसळतो. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच असलेल्या त्या पठारावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कृष्णा, वेण्णा, कोयना तिथून पूर्वेची वाट धरतात. सावित्री मात्र कड्यावरून खाली उतरून, ढग ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं पोलादपूर-महाडला येते.

या वाटेवरच्या रानात, आंबेनळी घाटाच्या पोटातल्या एका वाडीवर, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांबरोबर मी राखणीच्या माळ्यावर राहिलो. दिवस भादव्याचे होते. उतारावरची नाचणी-वरई भरत आली होती आणि रानडुकरांना ते आमच्याआधी कळलं होतं. शेताच्या कडेच्या ऐनाच्या दुबेळक्यात माळा बांधला होता: बांबूचे चार आडवे, त्यांवर कारवीच्या काठ्यांची दाट बिछायत, वर भाताचा पेंढा, डोक्यावर गवताचं छप्पर. शिडी म्हणजे एकच बांबू, त्याच्या फांद्यांचे बुंधे पायाला टेकू मिळेल इतके ठेवलेले. उशाशी एक दोरी. ती शेतभर फिरून पार टोकाच्या खुंटापर्यंत गेलेली. तिथं पत्र्याचा डबा आणि त्यात दगड. खसकन ओढली की डबा असा खडखडायचा की ओढ्यापलीकडची कुत्रीसुद्धा ओरडायची.

अंधार पडायच्या सुमाराला ढग आत आला. कडा गेला, मग शेत गेलं, मग माझी बोटं गेली. मी घोंगडी ओढून आडवा व्हायला लागलो तर म्हातारे म्हणाले, ‘‘झोपायला नाय आलो आपण. राखायला आलोत. डोळं कामाचं नायत आता, कान ठेव.’’ कान ठेवले. पाऊस नव्हता आणि तरी झाडातून पाणी ठिबकत होतं. पानांवर, शेवाळावर ढग टेकत होता आणि थेंब होऊन खाली जात होता. ऐनाच्या खोडावरचं शेवाळ मी चाचपलं: भिजलेल्या घोंगडीसारखं जड, दाबलं की बोटांमधून पाणी. त्यातच रुजलेली नेच्याची कोवळी वळलेली टोकं हाताला लागली. खाली कुठंतरी माती घसरल्याचा बारीक आवाज आला तेव्हा म्हातारे बोलायचे थांबले आणि तो विरेपर्यंत थांबूनच राहिले.

त्या थांबण्याचा अर्थ इथं कुणाला सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, महाड पाण्याखाली गेलं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. हा ढग या लोकांचं पीक पिकवतो आणि याच ढगाची धास्ती घेऊन ते चार महिने काढतात. त्याला नुसतं सुंदर म्हणून मला पुढं जाता येत नाही.

ढगातली रानं इतरत्रही आहेत. कोस्टारिकात मॉन्टेव्हर्देचं ढगातलं रान १९७२पासून राखलेलं आहे, आणि झाडांतल्या घरांत राहायला लोक तिकडं जगभरातून जातात. तिथं वर्षाचा बराच काळ धुकं असतं. आपल्याकडे ढग पावसाळ्यापुरता मुक्कामाला येतो आणि मग दीर्घ कोरडा काळ असतो. म्हणून आपल्या घाटमाथ्याच्या झाडांचं मला जास्त कौतुक वाटतं. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, सगळी वाऱ्यानं बुटकी झालेली, पण ओल धरून उभी. फांद्यांवरच्या काही आमऱ्या थंडीत पानं टाकून देतात आणि पुढं नुसत्या दांड्यावर फुलतात. शेवाळ सुकून करडं होतं, मेलं असं वाटतं, आणि पहिल्या वळवाला पुन्हा हिरवं.

या रानात झाडावर घर करून राहणारा खरा रहिवासी शेकरू, आपला राज्यप्राणी. काटक्या-पानांची त्याची घरटी उंच फांद्यांत असतात आणि एकट्या शेकराची अनेक. तो जमिनीवर सहसा उतरत नाही. वरच्या वर, या झाडावरून त्या झाडावर जातो. त्यासाठी शेंड्याला शेंडा लागलेला हवा. रस्त्यासाठी, बंगल्यासाठी मधली दोन झाडं काढली की त्याची वाट तुटते. पर्यटकांसाठी झाडांवर खोल्या बांधून त्यांना जोडरस्ता, गाडीतळ आणि रात्रभराचे दिवे देण्याला माझा विरोध याच कारणासाठी आहे.

म्हाताऱ्यांचा माळा कापणी झाली की उतरतो. पेंढा गुरांना, कारवी चुलीला, बांबू कुंपणाला. ऐनाला एक खिळासुद्धा मारलेला नसतो. ढगात राहायची हौस असेल त्यानं भादव्यात अशा वाडीवर विचारून जावं, राहण्याजेवण्याचे पैसे घरच्या बाईच्या हातात द्यावेत आणि दोरीची एक पाळी मागून घ्यावी. पहाटेची मागावी. डुकरं बहुधा तेव्हाच येतात, आणि म्हाताऱ्यांना तेवढीच घटकाभर झोप मिळते.