किंमत झाकून ऐका

निघोजे-चाकण पट्ट्यात ओव्हरटाइमचे पैसे हातात आले की पोरं स्पीकर घेतात. मग वाद सुरू होतो: महागड्या केबलनं आवाज खुलतो की नाही? दोन्ही बाजू आपल्या कानांची शपथ घेतात. पण ऐकताना डोळ्यांसमोर डबा असतो आणि डोक्यात किंमत. मग ऐकलं कशानं, कानानं की किमतीनं?

याला साधा उपाय आहे. पडद्याआड दुसऱ्या कुणी कधी ही, कधी ती केबल जोडायची; ऐकणाऱ्यानं फक्त ओळखायचं. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा ठेवायचा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला चांगलाच वाटतो. 16 फेऱ्यांत नुसत्या अंदाजानं सरासरी 8 उत्तरं बरोबर येतात. 12 किंवा जास्त आली, तर कान खरंच काहीतरी पकडतोय असं मानायला जागा आहे. निव्वळ नशिबानं तसं होण्याची शक्यता शंभरात चारहून कमी.

2010 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला 21 व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून नवी-जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका जुन्या स्ट्रॅडिव्हेरियसला!

आपल्या पुण्यातही 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि अंनिसनं ज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली. 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवल्या. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या. कोणती कुणाची हे सांगितलं नाही. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

काहींना अशी चाचणी म्हणजे आपल्या कानांचा अपमान वाटतो. मी शिक्षक आहे, मला तसं वाटत नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं. नावावरून जात कळते, मजहब कळतो, मोहल्लासुद्धा कळतो. तपासणारा बेईमान असतो म्हणून नाव झाकत नाहीत. भला माणूसही नकळत झुकतो म्हणून झाकतात. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांच्या अम्मी-अब्बांना त्या कोऱ्या जागेचा केवढा आधार वाटतो, ते मला ठाऊक आहे.

चाचणीत फरक ओळखता आला नाही म्हणून गाण्याची गोडी कमी होत नाही. आवडलेली वस्तू खुशाल घ्या. फक्त हप्ते बांधून घेण्याआधी एकदा किंमत झाकून ऐका.