बारा कळ्यांचे पेन

चौतीस वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे काढली. काउंटरवरचे पेन दोरीने बांधलेले असे. बाहेरून गिऱ्हाईक ते ओढी, आतून आम्ही ओढत असू. माझ्यात आणि त्या पेनात फरक एवढाच, की संध्याकाळी रोकड जुळली की मला घरी सोडत. पेनाला तीही सवलत नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि मखमली डबीतले एक सोनेरी पेन दिले. शाल माळ्यावर गेली, श्रीफळाच्या त्याच आठवड्यात वड्या झाल्या आणि पेन तिसऱ्या दिवशी लिहीनासे झाले. शहाण्या माणसाने अशा वेळी नवी रिफिल आणली असती. पण निवृत्त माणसाजवळ शहाणपणापेक्षा वेळ जास्त असतो. मी ठरवले, पेनच बनवायचे!

ह्या खुळाचे मूळ आमच्या भाच्याकडे जाते. त्याने आपल्या फोनवर मला एक चित्रफीत दाखवली. एक गोरा गृहस्थ लेथवर लाकडाचा चौकोनी तुकडा लावतो, त्याला पटाशी टेकवतो आणि दहा मिनिटांत त्यातून आरशासारखे चकाकणारे पेन निघते. ते पाहताना मला एकदम सावंतवाडी आठवली. आमचे आजोळ त्या बाजूचे. चितारआळीत खेळणी कातणारे कातारी बसत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, की नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर रंग चढे. चूल नाही, कुंचला नाही. मी तोंड उघडे टाकून बघत उभा राही आणि आजोबा कान धरून घरी नेत. आता कान धरणारे कोणी उरले नाही असे समजून मी भाच्याला लेथ मागवायला सांगितले.

समज चुकीचा होता, हे लेथ दारात आल्यावर कळले.

"ह्यातून काय निघतं म्हणालात?" सौ.ने विचारले.

"पेन."

"एवढ्या धुडातून एवढंसं पेन? डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणतात, तो डोंगर हाच का?"

लेथची स्थापना गॅलरीत झाली. आमच्या घरात पूर्वी माझे वडील टकळीवर सूत कातीत. आता मी लाकूड कातू लागलो. मराठी भाषेने दोन्ही कामांना एकच शब्द ठेवला आहे. पण सुताचा भुसा शेजारच्यांच्या पापडांवर जाऊन पडत नाही, हा भेद भाषेने लक्षात घेतलेला दिसत नाही.

वाचकहो, पेन बनवणे ऐकायला सोपे आहे. पाऊण इंच जाडीचा लाकडाचा तुकडा घ्यायचा, त्याला लांबीतून आरपार सात मिलिमीटरचे भोक पाडायचे, भोकात पितळेची नळी चिकटवायची, तो तुकडा एका सळईवर ओवून लेथवर चढवायचा आणि कातत कातत नळीच्या अंगाला अगदी पातळ साल राहील इतका उतरवायचा. मग पॉलिश पेपर, मग लकाकी, मग दोन अर्धी अंगे आणि त्यांतली यंत्रणा दाबून एकत्र बसवायची. झाले पेन!

माझ्या पहिल्या तुकड्याचे भोक वरून शिरले ते खालून न निघता बरगडीतून निघाले. "बासरी छान झालीय," सौ. म्हणाली. दुसरा तुकडा भोक पाडताना दुभंगला. तिसऱ्याला पितळी नळी अर्ध्यावर जाऊन अडकली आणि तो झटपट गोंद तिच्याऐवजी माझी तर्जनी आणि अंगठा ह्यांना चिकटला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे काका दारात उभे. माझी ज्ञानमुद्रा पाहून त्यांनी अतीव आदराने विचारले, "कुठला वर्ग लावलात?" शेवटी मुलीच्या नेलपॉलिश काढण्याच्या बाटलीने माझा मोक्ष झाला. त्या बाटलीतल्या ॲसिटोनने तो गोंद सुटतो. कोणाला कधी उपयोग होईल सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

चौथे पेन मात्र पेनासारखे झाले. मग सुटलोच! सागाचे पेन, आंब्याचे पेन, फणसाचे पिवळेधमक पेन. साडूंना दिले, भाच्याला दिले, दूधवाल्यालाही दिले. सगळ्यांनी हातात घेऊन "वा!" म्हटले आणि खिशाला लावले. लिहिले कोणीच नाही. आणि लिहिणार तरी काय? आमच्या लहानपणी शाळेत बोरूने अक्षर गिरवून घेत, बॉलपेनने अक्षर बिघडते म्हणून ते वापरले तर हातावर पट्टी बसे. ज्याला सही येत नसे तो बिचारा बँकेत शरमेने अंगठा उठवी. आज शिकले-सवरलेले सगळे फोनवर अंगठाच चालवतात. एवढ्या शाळा काढून आपण पुन्हा अंगठ्यावरच आलो.

तरी माझा उत्साह कमी झाला नाही, उलट तो कमरेपर्यंत चढला. म्हणजे असे, की पेनाच्या दोन अर्ध्या अंगांच्या मधे एक धातूची कडी असते. पेनाचा तो कंबरपट्टाच. भाच्याने दाखवले, की हौशी लोक ती बाजारची कडी काढून टाकतात आणि वेगवेगळ्या लाकडांच्या फोडी जोडून स्वतःचा कंबरपट्टा घडवतात. मोसंबीच्या फोडींसारखे बारा त्रिकोणी तुकडे कापायचे, एक काळा एक पिवळा असे वर्तुळात चिकटवायचे, मधे भोक पाडायचे आणि ती चकती नळीवर चढवून पेनाबरोबरच कातायची. मी ठरवले, असे एक पेन सौ.साठी करायचे. लग्नाला चाळीस वर्षे होत आली होती आणि सोन्याचा कंबरपट्टा पेन्शनीत बसण्यासारखा नव्हता.

पिवळ्यासाठी फणस होता. काळ्यासाठी आणि पेनाच्या अंगासाठी शिसव हवे होते. शिसव शोधत मी माळ्यावर चढलो, आणि शालीच्या खाली, जुन्या पातळात गुंडाळलेले, तडा गेलेले एक लाटणे मिळाले. अस्सल शिसवीचे, काळेभोर! तडा एका कडेलाच होता. इतके चांगले लाकूड माळ्यावर कुजत ठेवणाऱ्या बाईच्या अव्यवहारीपणाची कीव करीत मी ते खाली आणले आणि एका टोकाकडून करवत चालवली. लेथवर चढवल्यावर ते मुठीकडे नीट गोल फिरेना, एका बाजूला झिजल्यासारखे लागे. मी लाकडाला नावे ठेवली आणि दोन मिनिटांत ते सरळ करून टाकले.

आता बारा फोडी. वर्तुळाचे अंश 360. बारा फोडी म्हणजे प्रत्येक फोड 30 अंशांची. प्रत्येक फोडीला दोन बाजू, म्हणजे प्रत्येक काप 15 अंशांचा. हिशेब चोख होता. आयुष्यभर दुसरे केले काय! साबुदाण्यापेक्षा जरा मोठ्या त्या बारा फोडी चिमट्याने धरून मी एकीला एक चिकटवत गेलो. प्रत्येक सांधा डोळ्यांना निर्दोष दिसत होता. अकरावी बसली, बारावी बसली, आणि बारावी व पहिली ह्यांच्यामधे एक लख्ख फट राहिली.

मी पुन्हा मोजले. माझी करवत प्रत्येक कापात फक्त अर्धा अंश चुकत होती. अर्धा अंश कोणाला दिसतो? पण काप चोवीस. चोवीस अर्धे बारा. प्रत्येक फोड 29 अंशांची, बारांची बेरीज 348, आणि उरलेले बारा अंश माझ्याकडे बघून हसत होते. मंडळी, ज्याने बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत वह्या चाळल्या आहेत, त्यालाच ह्या बारा अंशांचे दुःख कळेल. ताळेबंद जुळत नसेल आणि शेवटची गाडी चुकत असेल, तर तो फरक सस्पेन्स खात्यात टाकायचा आणि घरी जायचे, ही आमची जुनी रीत. मीही तेच केले. शिसवीचा भुसा त्या फटीत ठासला, वर गोंदाचे दोन थेंब सोडले आणि कातून, घासून गुळगुळीत केले. लांबून बघितले तर काही कळत नव्हते.

पेन डबीत घालून मी सौ.च्या पुढे ठेवले. तिने ते फिरवून फिरवून पाहिले. चेहरा उजळला.

"शिसव कुठलं हो?"

"अगं, माळ्यावर ते तडा गेलेलं लाटणं होतं ना, पडून..."

तिने पेन डबीत ठेवले. "आईचं होतं," म्हणाली. आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

ती भांडली असती तर बरे झाले असते. भांडणाची मला सवय आहे. पण पुढचे तीन दिवस घरात सगळे बिनचूक चालले. चहा वेळेवर, पोळ्या मऊ, साखर बरोबर. जमाखर्च पैन् पै जुळत होता आणि तरीही तिजोरीत काहीतरी कमी होते. तिसऱ्या रात्री झोप येईना तेव्हा मला ती मुठीकडची झीज आठवली. सासूबाईंच्या पोळ्या मी पंधरा-वीस वर्षे खाल्ल्या. त्यांच्या तळव्याने ते लाटणे एका बाजूला झिजले होते, आणि मी ते दोन मिनिटांत "सरळ" केले होते.

चौथ्या दिवशी लाटण्याचा उरलेला तुकडा घेऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. दुसरी मूठ अजून शाबूत होती. ती तेवढी कापून वेगळी ठेवली आणि मधल्या भागातून नव्याने फोडी पाडू लागलो. करवत तीच, हात तोच, तेव्हा फटही तीच येणार हे मला ठाऊक होते. पण नुसते बसवत नव्हते. सौ. निवडायचे ताट घेऊन समोर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"पहिल्यात एका ठिकाणी भुसा भरलाय तुम्ही."

"तुला दिसलं?"

"त्याच दिवशी. मला काय लांबून बघायचं होतं?"

मी मुकाट्याने सगळा हिशेब सांगितला. अर्धा अंश, चोवीस काप, बारा अंश, सस्पेन्स खाते. तिने ताट बाजूला सारले.

"अहो, ह्या तर कळ्या झाल्या! आई आम्हा तिघी बहिणींचे बारा कळ्यांचे परकर शिवायची. ती कधी बाराच्या बारा एकीला एक जोडत गेली नाही. शेवटच्या शिवणीला कपडा कमी तरी पडतो नाहीतर जास्त तरी होतो. सहांचा एक भाग करायचा, सहांचा दुसरा. मग दोन्ही भाग समोर ठेवून त्यांच्या कडा आधी सरळ करायच्या. आणि मगच जोडायचे."

"आणि चुकलेलं कुठं जातं?"

"जातं कुठं? असतंच की सगळ्या शिवणींत थोडं थोडं. शेवटच्या एकीच्या पदरात सगळं घालायचं नाही, एवढंच."

मी सहा-सहा फोडींच्या दोन अर्धचकत्या केल्या. सहा गुणिले 29 म्हणजे 174. काचेवर ठेवली तर प्रत्येक अर्धी मधल्या टोकावर सी-सॉसारखी डुलत होती. काचेवर पॉलिश पेपर पसरून एक मी घासायला घेतली. दुसरी तिने माझ्या हातातून काढून घेतली, कारण माझे घासणे तिला बघवेना. मधे मधे दोन्ही अर्ध्या एकमेकींना लावून ती दिव्यासमोर धरी.

"उजेड दिसतोय?" मी विचारी.

"दिसतोय अजून. घासा."

अर्ध्या तासाने तिने पुन्हा धरून पाहिले. "नाही दिसत," म्हणाली.

वेगळी ठेवलेली मूठ मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती तळव्यात धरून पाहिली, काही बोलली नाही, आणि शिवणाच्या डब्यात ठेवली. डब्याचे झाकण लावताना मात्र म्हणाली, "विचारलं असतंत तर दिलंही असतं." ह्या वाक्याचा फरक मी अजून कुठल्याच खात्यात टाकू शकलेलो नाही.

नवे पेन झाले. कंबरपट्टा बारा कळ्यांचा, सांधा कुठे सुरू होतो कुठे संपतो ते मलाही सांगता येत नाही. भुसा भरलेले पहिले पेन मी वापरतो. बँकेत पेन्शनच्या कागदांवर सही करायला तेच नेतो, आणि काउंटरवर ते कोणी क्षणभर मागितले तर दोरीची फार आठवण येते.

दुसऱ्या पेनाने सौ. काय लिहिते, ह्याची मला उत्सुकता होती. एवढ्या पेनांत निदान एक तरी लिहिणारे निघावे, अशी बनवणाऱ्याची इच्छा असतेच. परवा सकाळी फ्रिजवर कागद दिसला. मोत्यासारखे अक्षर. मी चष्मा लावून वाचले:

रवा एक किलो. गूळ अर्धा किलो. शेंगदाणे. लाटणे एक, स्टीलचे.