लेफ्ट हँड ड्राइव्ह, नो सिग्नल

गेल्या शनिवारी पुन्हा रावेर. निमित्त अर्थातच जीप.

आबांची (म्हणजे आजोबांची) ही जीप 1971ची, महिंद्राची सीजे-थ्री-बी. पण खानदान अमेरिकन! टोलेडो गावच्या विलिस कंपनीनं 1953 मध्ये हे मॉडेल बाजारात आणलं. नवं 'हरिकेन' इंजिन जुन्यापेक्षा उंच, मग ते मावावं म्हणून बॉनेटच उंच केलं. त्यामुळे ही जीप समोरून कायम मान ताठ केल्यासारखी दिसते. तिकडे 1968 मध्ये ती बंद झाली, महिंद्रानं मात्र तिचा वंश पुढे बरीच वर्षं चालवला. स्टिअरिंग डावीकडे. मागच्या पत्र्यावर आबांनी पेंटरकडून लिहून घेतलेलं: 'लेफ्ट हँड ड्राइव्ह, नो सिग्नल'.

आबा गेल्यापासून जीप खळ्यात उभी होती. मी ठरवलं, हिला एकदम ओरिजिनल करायची. आम्हा आयटीवाल्यांचा हा जुनाच रोग. दुसऱ्याचा जुना कोड दिसला की हात शिवशिवतात!

त्यात 2021चा व्हिंटेज गाड्यांचा नियम वाचला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. अट एवढीच, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको.

इथेच घोळ. पेट्रोल परवडेना म्हणून आबांनी कधीच डिझेल इंजिन बसवलं होतं. ते जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एक पाटा जास्तीचा. वर्षानुवर्षं केळीचे ओले घड वाहून तळाचा पत्रा सडला, तर त्यावर ड्रमचा पत्रा कापून रिव्हेट मारलेले. मूळ इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात, पोत्याखाली. ते उघडायचं, बाकीचं सगळं 'जुगाड' काढून टाकायचं, असा माझा प्लॅन. मिस्त्रींना फोनवरच सांगून टाकलं, तळाचा पत्रा कापा.

शनिवारी पोचलो तर पत्रा कापून भिंतीला टेकवलेला आणि बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसलेले. मी उत्साहात नवीन पत्र्याचं सांगायला लागलो. बाबांनी नुसतं बोट ठेवलं. अॅक्सिलरेटरच्या खाली जिथे टाच टेकते, तिथे पत्रा झिजून खोलगट, गुळगुळीत झाला होता. रुपयाएवढा खळगा.

"आबांची टाच," बाबा म्हणाले. "पुढची पंधरा वर्षं माझी."

काय बोलणार? मला जो पॅच वाटत होता, तो आमच्या घरातल्या दोन माणसांचा अख्खा जन्म होता. आणि मी तो फोनवरून डिलीट केला होता.

रात्री भरीत-भाकरी खाताना मी व्हिंटेज नंबरचा विषय काढला. बाबांनी विचारलं, "मग शेतात नेता येईल का?" नाही येणार. असा नंबर घेतला की गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, फार तर डिझेल भरायला किंवा दुरुस्तीला काढायची. रोजच्या कामाला नाही.

"मग ती आपली जीप कशी राहील?" बाबा म्हणाले, आणि भाकरी मोडत बसले.

रात्रभर एकच प्रश्न डोक्यात. ओरिजिनल म्हणजे नक्की कोणत्या सालची? कारखान्यातून निघाली त्या दिवशीची, की आबांनी चालवली ती? पहिलीला मी ओळखतसुद्धा नाही. तिच्यात बसून मी कधी शाळेत गेलो नाही.

रविवारी मिस्त्रींना म्हटलं, सडलेल्या कडा कापा, तिथे नवा पत्रा जोडा, पण मधला तुकडा होता तिथेच बसवा. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं (नव्या पत्र्यापेक्षा हे काम दुप्पट!), पण केलं. डिझेल इंजिन राहणार. ब्रेक, वायरिंग, ऑइल सील मात्र सगळं नवीन, तिथे भावनांना जागा नाही.

व्हिंटेज नंबर गेला तो गेलाच. फिटनेसची तपासणी पास झाली, की बाबा तिला पहिल्यांदा केळीच्या बागेत नेणार आहेत. मी शेजारी, म्हणजे उजवीकडे.

आणि हो, मागच्या पत्र्याला रंग द्यायचा नाही, असं पेंटरला मी स्वतः समोर उभं राहून सांगितलंय. फोनवर नाही.