झाकण

गेल्या पावसाळ्यापासून डब्यांची झाकणं मी बसवत नाही. डबी अजून मीच लेथवर कातून ठेवतो, पोट मी पोखरतो, बाहेरचा आकार माझाच असतो. पण झाकणाचा ओठ आणि डबीची खाच जुळवायचं शेवटचं काम माझ्याकडे शिकणारी मुलगी करते. सगळं मिळून चार-सहा हलके काप असतात त्यात. माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं बधिर झाली आहेत. मनगटात नस दाबली गेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. लेथची थरथर आयुष्यभर अंगावर घेतलेल्या माणसाला यात नवल नाही. मोठ्या कामाचं काही अडत नाही, कारण गोल पटाशी मुठीत धरायची असते. झाकण मात्र बोटांच्या टोकांनाच कळतं.

चांगलं झाकण दोन बोटांनी उचललं, की आतली हवा त्याला क्षणभर धरून ठेवते आणि मग सोडते. परत तोंडावर ठेवून हात काढला, की ते आपल्याच वजनाने, हवेवर तरंगत, सावकाश खाली उतरतं आणि बसतं. त्यासाठी ओठ लांब आणि अगदी सरळ हवा, आणि ओठ व खाच यांच्यात कागद सरकेल एवढीसुद्धा जागा नको. एक काप कमी पडला तर झाकण अडकतं. एक जास्त झाला तर खुळखुळतं, आणि खुळखुळणाऱ्या झाकणाला औषध नाही. मला हे उतरणारं झाकण साधायला फार वर्षं लागली, आणि साधल्यावर मी दुसरं काही करायचंच सोडलं. खेळणी सोडली, फुलदाण्या सोडल्या. आमच्या सावंतवाडीत लाकडी फळांना गिऱ्हाईक कायम असतं, तीही सोडली. डबीच फक्त.

आता ही डबी विकायची कुठे? सावंतवाडीच्या चितार आळीत, आमच्या लाकडी कामाच्या बाजारात, ती खपत नाही. तिथे येणारं गिऱ्हाईक मुलांसाठी भातुकली घेतं, लग्नासाठी रंगीत पाट घेतं, आंबे-केळ्यांची टोपली घेतं, आणि घासाघीस करतं. बिनरंगाच्या शिवणीच्या डबीला एवढे पैसे का, हा प्रश्न तिथे रास्तच आहे. म्हणून मी पणजीतल्या एका लहान गॅलरीत माल ठेवायला लागलो. जाकड माल: विकला गेला तर साठ टक्के माझे, चाळीस गॅलरीचे, नाही गेला तर परत आणायचा. चाळीस टक्के ऐकून इथले लोक तोंडात बोट घालतात. मला ते जास्त वाटत नाहीत. जुन्या घराचं भाडं आहे, दिवे आहेत, दिवसभर बसणारं माणूस आहे. आणि तिथे किंमत कमी करून मागायला कुणी तोंड उघडत नाही. बापजन्मी न ऐकलेला दर मला त्या खोलीने दिला, हे मी विसरणार नाही.

पण त्या खोलीत एसी आहे, आणि माझं सगळं भांडण एसीशी आहे.

सावंतवाडीच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी राहतं. एसीच्या खोलीत ते हळूहळू नऊ-दहावर येतं. पाणी गेलं की लाकूड आक्रसतं, आणि सगळीकडून सारखं आक्रसत नाही. रेषेच्या लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वलयांच्या अंगाने त्याच्या साधारण दुप्पट. तीन इंची, म्हणजे साधारण 75 मिलिमीटरचं सागवानी झाकण वलयांच्या अंगाने मिलिमीटरभर कमी होतं आणि त्याच्या काटकोनात अर्धा मिलिमीटर. गोल कातलेलं झाकण गोल राहत नाही, लांबट होतं. डबी आणि झाकण एकाच ठोकळ्यातलं असेल आणि रेषेवर रेष ठेवून बसवलेलं असेल, तर दोन्ही एकाच बाजूने लांबट होतात आणि जोडी टिकते. पण गिऱ्हाईक झाकण उघडतं, आत बघतं, आणि हाताला येईल तसं फिरवून परत ठेवतं. तिथे ते अडकतं. शिवाय झाकण पातळ, ते आधी सुकतं. डबीचं बूड जाड, ते मागून सुकतं. मधल्या काही आठवड्यांत दोघांचं एकमेकांशी पटतच नाही.

या मिलिमीटरभर जागेशी मी किती झटलो ते सांगत बसलो तर लेख पुरायचा नाही. सागवान सोडून शिवण धरली, कारण ती कमी हलते. ठोकळे जाड कातून वर्षभर माळ्यावर ठेवले, मग पुन्हा कातले. शेंड्यांना मेण लावलं. लाकडी खोका करून आत बल्ब लावून डब्या सुकवल्या. लाख चढवून पाहिली. लाकूड फिरतं असताना लाखेची कांडी टेकवायची आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणायची, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि लाख दमटपणाला चांगलं अडवते. पण ओठावर लाख चढली की झाकणाचा तो हवेवरचा उतार जातो. चिकटतं ते.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायची पानं, रंगवतात. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी ती मरू घातलेली कला 1970 च्या दशकात उचलून धरली, म्हणून आज ती दिसते. दशावतारी गंजिफेची 120 गोल पानं ज्या लाकडी पेटीत राहतात, तिचं झाकण सरकतं असतं. मी ती पेटी पुष्कळदा हातात घेऊन पाहिली आहे. सरकत्या झाकणाला दोन्ही अंगांनी थोडी मोकळीक देता येते. ते पावसात फुगलं तरी खाचेतच फुगतं. ज्याने पहिल्यांदा हे ठरवलं, त्याला कोकणातला पाऊस माहीत होता. त्याने लाकडाशी हट्ट केला नाही. मी करत आलो.

आणि त्याचं कारण सांगतो. उतरणारं झाकण बघून माणसाचा चेहरा बदलतो. गॅलरीत मी अनेकदा गिऱ्हाईकासारखा जाऊन उभा राहिलो आहे, माझी ओळख न देता, केवळ तो चेहरा बघायला. कुणी डबी उचलली की माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे, त्याच्या हाताकडे. झाकण तरंगत खाली गेलं आणि समोरच्याने श्वास रोखला, की माझा दिवस भरून पावला. विकली गेली की नाही हे नंतरचं. ही हौस मला दारूसारखी लागली होती. तेवढ्यासाठी पणजीचा एसटीचा प्रवास मी आनंदाने केला आहे.

पुढे गॅलरीने डब्या काचेच्या कपाटात ठेवल्या. झाकणं सारखी उघडून अडकत होती, परत माल पाठवावा लागत होता, त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. बाजूला पाटी आली, वस्तूंना हात लावू नये. चित्राला हे चालतं. दगडाच्या मूर्तीलाही चालेल. जिचा सगळा गुण हातात घेतल्यावरच कळतो, ती वस्तू काचेआड ठेवली की मागे उरतो तो फक्त आकार, आणि आकार तर यंत्रही काढतं. कपाटातल्या दिव्याखाली आणखी एक झालं. फणसाच्या डब्या हळदीसारख्या पिवळ्या होत्या. फणसाचं लाकूड उजेडात तांबूस होत जातं, आणि दिवा एकाच बाजूला असल्याने त्या एका अंगाने तांबूस झाल्या. झाकण उचललं की खालची पिवळी कड तशीच. माझ्या दृष्टीने ती फणसाची जात आहे. गॅलरीला तो डाग वाटला.

याच कपाटाच्या शेजारी दुसरा माल असतो, आणि त्याबद्दल न बोलता पुढे जाववत नाही. सहारनपूरच्या शिसमाच्या डब्या तिथे कोकणातल्या हस्तकलेच्या नावाखाली विकलेल्या मी पाहिल्या आहेत. सहारनपूरच्या कोरीवकाम करणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. त्यांचं नाव पुसून आमचं लावणं, हे त्यांचंही नुकसान आणि आमचंही. चन्नपट्टणची लाखेची खेळणी चन्नपट्टणची म्हणूनच विकली जातात आणि लोक मान देऊन घेतात. मग आपल्याकडे लपवाछपवी कशाला? दुसरं ते एपॉक्सीचं. फाटलेल्या फळीत निळं प्लास्टिक ओतायचं, घासून चकचकीत करायचं आणि त्याला नदी म्हणायचं. तिसरं, ओलं लाकूड कातून भेग पडू द्यायची आणि भेगेला निसर्गाचा स्पर्श म्हणायचं. भेग ही भेगच असते. ज्याने लाकूड सुकवायला धीर धरला नाही, त्याच्या घाईची ती खूण आहे. चांगली शिकलेली मुलं हे करतात याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांचे हात चांगले आहेत.

शिसव मी आता वापरत नाही. 2017 पासून शिसवाची सगळी जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे. परदेशी पाहुणे हातात घेतलेली डबी कागदपत्रांच्या धास्तीने परत ठेवायचे. त्यांची चूक नाही.

तर, माझ्याकडे शिकणारी ती मुलगी, बाय. शेजारच्या वाडीतली. बारावीनंतर माझ्याकडे आली ती पाळण्याचे खुंट कातायला शिकायचं म्हणून. हात मुळातच हलका. माझी बोटं गेल्यावर मी तिला झाकणं दिली, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिने माझी सोडून स्वतःची रीत काढली. मला न विचारता. एक दिवस डबी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “ओठ तोकडो केलंय, काका. झाकाण कसाय फिरवून ठेवा, बसतला.”

तिने ओठ माझ्या ओठाच्या निम्म्याने कमी केला होता, आणि सरळ न ठेवता किंचित निमुळता केला होता. झाकण सहज आत जातं आणि अगदी शेवटी, तळाशी टेकताना, पकडतं. डबी थोडी लांबट झाली तरी निमुळत्या भागाला ते जाणवत नाही. कुठूनही फिरवा, बसतं. त्या डब्या दिवाळीआधी पणजीला गेल्या. एकही अडकली म्हणून परत आली नाही. गॅलरीने काच काढली. लोक पुन्हा हातात घेऊ लागले.

पण झाकण तरंगत नाही. तोकड्या ओठाला हवा धरता येत नाही. ठेवलं की ते लगेच बसतं, टक् असा छोटा आवाज होतो आणि संपलं. मी बधिर बोटांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बायला म्हटलं, यात जीव नाही. ती म्हणाली, लोकांच्या घरात चालणारं झाकण हवं की दुकानात चालणारं? मी उत्तर दिलं नाही. अजूनही मला वाटतं, की माझ्या झाकणात जे होतं ते तिच्या झाकणात नाही. आणि हेही दिसतं, की माझं झाकण बघणाऱ्यासाठी होतं, तिचं वापरणाऱ्यासाठी आहे. कुणाच्या घरी तिची डबी दहा पावसाळे उघडेल. माझी मात्र कुठेतरी ओठ आवळून बसली असेल.

आता खरा पेच. गॅलरीच्या मालाच्या तळाशी माझं नाव तापलेल्या तारेने डागलेलं असतं. चितार आळीत कुणी कधी नाव घातलं नाही. माझ्या वडिलांनी भोवरे केले, लाटणी केली, पालखीचे गोंडे टांगायच्या लाकडी बोंडांपर्यंत सगळं कातलं. त्यांच्या हातची वस्तू कुठली, हे आज मलाही सांगता येणार नाही. नाव मागितलं गॅलरीने. नाव असलं की किंमत चढते, असं गॅलरी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि ते खरं निघालं. पहिल्यांदा नाव डागलं तेव्हा त्या रात्री मी डबी उलटी करून कितीतरी वेळ बघत बसलो होतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. फार आवडलं होतं मला ते.

पण आता डबीचा जो भाग तिला डबी करतो, तो माझा नाही. नुसता बसवलेला नाही, शोधलेलाही तिने आहे. मी बाईंना म्हटलं, दोन नावं घालू. त्या म्हणाल्या, एका नावावर कलावंत विकला जातो, दोन नावं आली की तो कारखाना वाटतो. त्यांच्या धंद्यात हे बरोबर असेल. मुलीचं नाव नंतर कधीतरी येईलच, असंही म्हणाल्या. नंतर कधी? मी गेल्यावर? 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे, खेळणी करणारा आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. बायने अर्ज केला आहे. सरकारच्या कागदावर ती उद्या कारागीर ठरेल, आणि मालाच्या तळाला मात्र तिचा पत्ता नाही, हे मला पटत नाही.

डागायची तार मी नवीन करून घेतली आहे, दोन नावांची. तिचं नाव वर आहे, कारण झाकण वर असतं. पुढचा माल त्याच नावांनी पणजीला जाईल. गॅलरीला चालला तर उत्तम. नाहीच चालला तर जाकड माल आहे, मी परत घेऊन येईन आणि चितार आळीत पाटांच्या शेजारी मांडीन, निम्म्या किमतीला गेला तरी चालेल. एका नावाने मी आता माल देणार नाही.